मोरस साखर, सोळा पायऱ्या आणि त्याआधीची दोनशे वर्षं

अर्जुनाकाठची

नमस्कार मंडळी,

माझी आजी पांढऱ्या साखरेला 'मोरस' म्हणायची. घरात रोजचा चहा गुळाचा. मोरस पाहुण्यांसाठी आणि पूजेच्या शिऱ्यासाठी, डबा फडताळाच्या वरच्या फळीवर. हा शब्द राजापूरकडचाच असणार असं मी धरून चालले होते. पुढे बाबांनी सांगितलं, मोरस म्हणजे मॉरिशसची साखर. एकोणिसाव्या शतकात ती आपल्याकडे इतकी येऊ लागली की बेटाचं नावच साखरेला चिकटलं. १९०५ नंतर स्वदेशीच्या चळवळीत परदेशी साखरेवर बहिष्कार पडला, त्यात ही मोरसही आली. साखर बदलली, आजीच्या तोंडातला शब्द राहिला.

मागच्या ऑगस्टमध्ये मॉरिशसला जाणं झालं. ऊसतोडीचा हंगाम होता, रस्त्यावर उसाच्या गाड्या, हवेत मळीचा वास. कारखान्याच्या गावात आल्यासारखं वाटलं. राजधानी पोर्ट लुईच्या बंदराला लागून आप्रवासी घाट आहे. जागा लहानशी. थोड्या भिंती, जुन्या इस्पितळाची स्वयंपाकाची खोली, पहारेकऱ्याची जागा आणि सोळा दगडी पायऱ्या. गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेला मजूर, या पायऱ्या चढून वर आला की त्याची नोंद व्हायची, दोन दिवस तिथे मुक्काम, मग मळ्यावर रवानगी. दगड काळा, आपल्या देवळांच्या पायऱ्यांचा असतो तसाच.

मी पायऱ्या मोजत होते तेव्हा शेजारी एक आजीबाई नातीचा हात धरून उभ्या होत्या. चेहरा आफ्रिकेकडचा. नातीला क्रेओल भाषेत, म्हणजे फ्रेंचवरून घडलेल्या तिथल्या बोलीत, काही समजावत होत्या. मला एक शब्द कळला नाही, पण मनात आलं, यांची माणसं कुठल्या पायऱ्यांवरून वर आली? त्या प्रश्नामुळे परत आल्यावर वाचत बसले आणि त्यातूनच हा धागा काढतेय.

आपल्याकडे मॉरिशसची गोष्ट २ नोव्हेंबर १८३४ ला सुरू होते. त्या दिवशी कलकत्त्याहून 'अ‍ॅटलस' जहाज ३६ मजूर घेऊन आलं. मग 'आपल्या लोकांनी घाम गाळून बेटाचं सोनं केलं' आणि थेट १९६८ चं स्वातंत्र्य. हे खोटं नाही. पण त्याआधीची दोनशे वर्षं वगळली की आपली माणसं तिथे का नेली गेली तेच कळत नाही.

तर अगदी सुरुवातीपासून. या बेटावर मुळात माणूसच नव्हता. अरब खलाशांना बेट माहीत होतं, सोळाव्या शतकात पोर्तुगीज येऊन गेले, पण राहिलं कोणी नाही. १५९८ मध्ये डच जहाजं आग्नेय किनाऱ्याच्या खाडीत शिरली आणि त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरित्सचं नाव बेटाला दिलं. पहिली वसाहत १६३८ ची. डचांना इथे हवं होतं अबनूस, काळं जड लाकूड, आणि पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांसाठी पाणी नि मांस. १६३९ मध्ये जावाहून ऊस आला, त्याच सुमाराला जावाची हरणं आली. उंदीर, डुकरं, माकडं जहाजांबरोबर येतच होती. डोडो पक्ष्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. माणूस पाहिलाच नसल्यामुळे तो पळत नसे, आणि जमिनीवरची अंडी उंदीर-डुकरांच्या तोंडी पडली. शतक संपायच्या आत तो संपला.

माणसं मात्र टिकेनात. वादळं, उंदीर, दुष्काळ. १६५८ मध्ये डच बेट सोडून गेले, १६६४ मध्ये परत आले, १७१० मध्ये कायमचे गेले. आफ्रिकेच्या टोकाला केपची वसाहत झाल्यावर या बेटाची त्यांना तेवढी गरजही राहिली नव्हती.

या डचांच्याच काळात मादागास्करहून गुलाम आले. सुरुवातीच्या एका खेपेत शंभराच्या आसपास माणसं उतरवली, त्यातली निम्मी काही दिवसांतच रानात पळाली आणि त्यातली बरीचशी पुन्हा हाती लागली नाहीत. मला हे वाचून थांबावं लागलं. या बेटावर मनाने राहिलेली, डच कंपनीच्या हुकमाने नव्हे, अशी पहिली माणसं बहुधा हीच. १६९५ मध्ये गुलामांनी डचांचा फ्रेडरिक हेंड्रिक किल्ला पेटवून दिला. पकडलेल्यांत अ‍ॅना नावाची एक बाई होती, मूळची बंगालची. म्हणजे 'अ‍ॅटलस'च्या १३९ वर्षं आधी एक हिंदी बाई या बेटावर मालकांविरुद्ध उठली होती. तिचं खरं नाव नोंदीत नाही.

डच गेले आणि १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेटावर हक्क सांगितला. नाव ठेवलं इल द फ्रान्स. १७३५ मध्ये माहे द ला बूर्दोने गव्हर्नर म्हणून आला आणि पोर्ट लुई खऱ्या अर्थाने उभं राहिलं. बंदर, इस्पितळ, कोठारं, पाण्याचा पाट, साखरेचा कारखाना. त्याचा पुतळा आजही बंदराकडे तोंड करून उभा आहे. पाँडिचेरीकडून त्याने गवंडी आणि सुतार आणवले. शहराच्या त्या भागाला 'मलबाऱ्यांची छावणी' असं नाव पडलं, जरी त्यातले बरेचसे तमिळ होते. पण ओझी वाहणारे, दगड फोडणारे हात मादागास्कर आणि मोझांबिकच्या गुलामांचे.

फ्रेंच कायद्यात गुलाम पळाला तर काय करायचं ते लिहून ठेवलं होतं. महिनाभर बेपत्ता राहिला तर कान कापायचे आणि खांद्यावर तापल्या लोखंडाने राजचिन्हाचं फूल डागायचं. दुसऱ्यांदा पळाला तर पायाची शीर तोडायची. तिसऱ्यांदा, मृत्यू. तरीही माणसं पळत राहिली. पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारने १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द केली, तर तो हुकूम घेऊन आलेल्या अधिकाऱ्यांना इथल्या मळेवाल्यांनी १७९६ मध्ये हाकलून लावलं.

१८१० मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकलं. शरणागतीच्या करारात एक गोष्ट त्यांनी मान्य केली, आणि माझ्या मते पुढचं सगळं त्यातून निघालं: इथल्या रहिवाशांचा कायदा, धर्म, रीतिरिवाज आणि मालमत्ता तशीच राहील. झेंडा बदलला, मळेवाले फ्रेंचच राहिले. तेव्हा बेटावरच्या दर दहा माणसांत आठ गुलाम होते, आणि ते 'मालमत्ते'त मोडत होते.

१८२५ मध्ये लंडनने मॉरिशसच्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी केली. झालं, रान तोडून ऊस लावायची शर्यत लागली. आणि ऐन भरात १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. मालकांना भरपाई मिळाली वीस लाख पौंडांच्या वर. गुलामांना एक पैसाही नाही, उलट चार वर्षं 'उमेदवारी' म्हणून त्याच मालकाकडे राबायची सक्ती. ती १८३९ मध्ये सुटली तेव्हा बहुतेकांनी मळ्याकडे पाठ फिरवली. कोण थांबेल?

मळेवाल्यांच्या हातात भरपाईचा पैसा होता, ऊस उभा होता, हात हवे होते. तिथे आपली माणसं आली. महिना पाच रुपये, पाच वर्षांचा करार. ब्रिटिश सरकारने याला 'महाप्रयोग' म्हटलं. तो त्यांच्या दृष्टीने जमला, म्हणून पुढे गयाना, त्रिनिदाद, दक्षिण आफ्रिकेतलं नाताळ, फिजी.

एवढंच लिहायचं होतं. कुणाला यातलं अधिक माहीत असेल तर लिहा, चुकलं असेल तर सांगा.

पाटातलं_पाणी

वाचनखूण साठवली. मोरस शब्द आमच्या आत्याच्या तोंडीही ऐकलाय, अर्थ आज कळला.

एक शंका. बेटावर मूळचं कोणीच नव्हतं म्हणता, मग स्थानिक कोणाला म्हणायचं?

अर्जुनाकाठची

@पाटातलं_पाणी, ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत आधी राहणारे होते, त्यांना हटवून वसाहत झाली. मॉरिशसमध्ये सगळेच जहाजातून उतरलेले. फरक एवढाच की कोण तिकीट काढून आलं, कोण अंगठा देऊन आलं आणि कोणाला साखळीने बांधून आणलं. या क्रमाने जमीन वाटली गेली आणि अजूनही बरीचशी तशीच आहे.

बखरवाचक

चांगला विषय. आपल्या इतिहासाशी या बेटाचा एक धागा जुळतो तो जोडतो.

इल द फ्रान्स हे ब्रिटिशांच्या घशातलं हाड होतं. युरोपातून हिंदुस्थानात येणारी जहाजं याच टापूतून जात आणि पोर्ट लुईत फ्रेंच चाचे परवाना घेऊन बसलेले. सुर्कूफ त्यांतला सगळ्यांत नावाजलेला. १८०० मध्ये त्याने बंगालच्या उपसागरात 'केंट' हे इंग्रज कंपनीचं मोठं जहाज आपल्याहून कितीतरी लहान गलबताने पकडलं होतं.

टिपू सुलतानाने मदतीसाठी आपले वकील इथेच पाठवले. गव्हर्नर मालार्तिकने ३० जानेवारी १७९८ ला जाहीरनामाच काढला, की टिपूच्या बाजूने लढायला स्वयंसेवक हवेत. गुपचूप करायची गोष्ट चव्हाट्यावर मांडली. हाती लागले शंभर-एक माणसं, पण इंग्रजांचा गव्हर्नर जनरल वेलस्ली, त्याला आयतं कारण मिळालं. पुढच्या वर्षी श्रीरंगपट्टण पडलं. श्रीरंगपट्टणानंतर पुण्याची पाळी यायला फार वर्षं लागली नाहीत.

ऑगस्ट १८१० मध्ये ग्रां पोर्टच्या खाडीत ब्रिटिश आरमाराचा सपशेल पराभव झाला होता. पॅरिसच्या विजयकमानीवर ते नाव कोरलेलं आहे. पण डिसेंबरात बेट गेलंच. ज्या फौजेने ते घेतलं तिच्यात हिंदी शिपाईही होते.

माळरान

'अ‍ॅटलस'वरचे पहिले ३६ जण धनगर होते असं वाचलंय. म्हणजे आपल्या माणदेशातले धनगर तेव्हाच तिथे पोचले होते का? असेल तर फार मोठी गोष्ट आहे, आमच्या समाजात कुणालाच माहीत नाही.

बखरवाचक

@माळरान, नाही. इंग्रजी कागदांत जो शब्द दिसतो तो धांगड, छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातल्या उराँव वगैरे आदिवासींसाठी कलकत्त्यात वापरला जायचा. 'डोंगरी कुली' असंही त्यांना म्हणत. आपल्या धनगरांशी संबंध नाही, नुसतं नावाचं साम्य.

मुंबई इलाख्यातली माणसं मात्र त्याच्याही आधी तिथे होती, कैदी म्हणून. १८१५ पासून बंगाल आणि मुंबईहून काळ्या पाण्याची शिक्षा झालेले दीडेक हजार कैदी मॉरिशसला पाठवले गेले. रस्ते आणि पूल त्यांनी बांधले. १८३६ मध्ये डार्विन तिथे उतरला होता, त्याने या कैद्यांबद्दल आदराने लिहिलं आहे.

माळरान

धन्यवाद. चुकीचं पुढे पाठवलं गेलं असतं.

सोनचाफा_८

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण मला एक सल जाणवली. गुलामांची बाजू मांडताना गिरमिटियांचं दुःख कमी झाल्यासारखं वाटतं. करार होता म्हणजे सुखात होते असं नाही ना. माझ्या आईच्या गावाकडे 'मोरसला गेला' म्हणजे मेला, असं धरत. आपली माणसंही फसवूनच नेली होती. तिकडे दगड उलटला की खाली सोनं सापडतं, असं सांगून नेलं.

अर्जुनाकाठची

@सोनचाफा_८ ताई, तुमचं म्हणणं अगदी मान्य. मी वर घाईने उरकलं, ती चूक माझी.

एक दिवस कामावर नाही गेलं तर दोन दिवसांची मजुरी कापायचे. म्हणजे आजारी पडून महिन्यात दहा दिवस गेले तर वीस दिवसांचे पैसे गेले. करार संपलेल्यालाही सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने त्याला फोटो लावलेला परवाना सतत जवळ बाळगावा लागे. तो नसला की भटक्या म्हणून अटक. त्याच सुमाराला हिवतापाची साथ आली, हजारो माणसं गेली. आदोल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका मळ्याच्या व्यवस्थापकाने १८७१ मध्ये या लोकांच्या वतीने अर्ज केला, खाली ९,४०१ सह्या आणि अंगठे. मळेवाल्यांनी त्याला भर रस्त्यात मारहाण केली. पण चौकशीसाठी लंडनहून आयोग यावा लागला.

तरीही मी दोन्ही एका मापाने मोजत नाही. गिरमिटियाच्या नोंदीत काय लिहिलेलं असतं बघा. नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, अंगावरची खूण. मॉरिशसमधल्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत ते दप्तर जपून ठेवलंय. आज पणतू जाऊन आपलं गाव शोधू शकतो. गुलामाला मालक नवं नाव द्यायचा. कधी वाराचं, कधी महिन्याचं, कधी रोमन देवाचं. गाव नाही, बाप नाही. त्या आजीबाईंच्या नातीने शोधायचं ठरवलं तर कुठलं पान उघडायचं?

गिरणगावचा_नातू

सोनचाफाताईंच्या मुद्द्यावरून आठवलं. मुंबई बंदरातून गेलेले कलकत्ता-मद्रासच्या मानाने थोडे, एकूण साडेचार लाख गिरमिटियांतले दहांत एकही नसतील. रत्नागिरी, सातारा या बाजूचे बरेच. सुरुवातीच्या दशकांत ओघ बरा होता, मग आटला.

माझा अंदाज असा, की १८५३ ला रेल्वे आणि पाठोपाठ कापडगिरण्या सुरू झाल्यावर कोकणी माणसाला घाम गाळायला समुद्र ओलांडायची गरज उरली नाही. आमचे पणजोबा खेडहून लालबागला आले. पन्नास वर्षं आधी जन्मले असते तर कदाचित मोरसला गेले असते, आणि मी हे क्रेओलमध्ये लिहीत असतो.

वाकोआहून

नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन अकरा वर्षं मॉरिशसमध्ये आहे. सासर इथल्या मराठी घरातलं, चौथी-पाचवी पिढी. हा धागा मैत्रिणीने पाठवला आणि रात्री सगळा वाचून काढला.

आधी इथल्या मराठीबद्दल. घरात क्रेओल बोलतात, शाळेत इंग्रजी-फ्रेंच, मराठी विषय म्हणून शिकता येते. सासूबाईंना मराठी अभंग पाठ आहेत, अर्थ मला विचारतात. आडनावं म्हणजे बहुतेक कुठल्यातरी पणजोबांचं पहिलं नाव, नोंद करणाऱ्या साहेबाने कानाला ऐकू आलं तसं फ्रेंच वळणाने लिहिलेलं. आपल्या कोकणातली जाखडी इथे 'झाकरी' म्हणून नाचतात. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ढोलकीचा ठेका कानावर पडला नि रडायलाच आलं. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते.

आता अर्जुनाकाठचीताईंच्या प्रश्नाबद्दल. १ फेब्रुवारी आणि २ नोव्हेंबर, दोन्ही दिवस इथे राष्ट्रीय सुट्टी आहे. आप्रवासी घाटाच्या जवळच, ला बूर्दोनेच्या काळातल्या लष्करी इस्पितळाच्या इमारतीत आता गुलामगिरीचं संग्रहालय झालंय. पुढच्या वेळी याल तेव्हा तिथे नक्की जा. पण खरं सांगायचं तर दोन्ही समाज, आम्ही हिंदी वंशाचे आणि गुलामांचे वंशज क्रेओल, आपापल्या दिवशी आपापल्या ठिकाणी जातात. आमच्या घरातून १ फेब्रुवारीला पूर्वी कोणी कुठे जात नसे. तीन वर्षांपासून मी मुलाला घेऊन ल मोर्नला जाते.

ल मोर्न हा नैर्ऋत्य टोकाचा उभ्या कड्याचा डोंगर. पळालेले गुलाम त्यावर लपून राहायचे. इथे सांगतात, की १८३५ मध्ये सुटकेची बातमी सांगायला शिपाई वर चढले, तर ते आपल्याला धरायलाच आलेत असं समजून माणसांनी कड्यावरून उड्या टाकल्या. ही लोकांच्या तोंडची कथा आहे, पण डोंगराखाली उभं राहिलं की ती ऐकताना कोणी बोलत नाही.

सोनचाफाताई, ते दगडाखालच्या सोन्याचं इथेही प्रत्येक घरात सांगतात. उसाच्या शेतांमधून काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसतात, काही तर घराएवढे. बेट ज्वालामुखीचं, जमीनभर दगड. ते उचलल्याशिवाय ऊस लागत नाही. सासरे म्हणतात, आपल्या म्हाताऱ्यांनी दगड उलटले खरे, एकन् एक उलटला. मी त्यांना एकदा विचारलं, की आधीचे ढीग कोणी रचले? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, 'क्रेओल लोकांनी. तेव्हा त्यांना मजुरी नव्हती.'

अर्जुनाकाठची

@वाकोआहून, तुमच्या प्रतिसादासाठीच जणू धागा काढला होता. तुमच्या भागातले गणपती कुठे विसर्जन करतात?

वाकोआहून

पश्चिम किनाऱ्यावर. कास्काव्हेल हे इथलं जुनं मराठी वस्तीचं गाव, तिथून समुद्र जवळ. फ्लिक आँ फ्लाकच्या किनाऱ्यावर संध्याकाळी मूर्ती घेऊन कंबरभर पाण्यात जातात, मोरया म्हणतात. वाळूवर क्रेओल शेजारी मुलंबाळं घेऊन आलेले असतात, प्रसाद मागून घेतात. डावीकडे, किनाऱ्याच्या अगदी शेवटी, ल मोर्न दिसतो. यंदा मुलाने पाण्यातून बाहेर आल्या आल्या मला बोट करून दाखवला.